बजीची मादी स्वतःचीच पिल्लं मारते का? तीन गेली, एक वाचलं आहे, लवकर सांगा

सोनपिवळी (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) – ११ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार. मी इथं पहिल्यांदाच लिहून राह्यली, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मागच्या दिवाळीपासून आमच्याकडे आठ बजी (बजरीगर, लहान विदेशी पोपट) आहेत, गावात सगळे त्याले लव्हबर्डच म्हणतात. पोराच्या हट्टापायी घेतले पण आता सगळ्यात जास्त जीव माझाच गुंतला आहे. ह्यांनी जुन्या अँगलचा सहा बाय चार फुटाचा पिंजरा बनवून देला गोठ्याच्या बाजूले, वर टिनं आहेत, मागून भिंत, तीन बाजूनं जाळी. चार नर चार माद्या म्हणून चार मटक्या (अंडी घालाले मातीची लहान मडकी) बांधल्या, दोन वर अन् वर जागा नव्हती म्हणून दोन खाली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या मटकीत हिरव्या मादीनं पाच अंडी देली, चार फुटली, एक फुटलंच नाही. परवा सकाळी दाणे टाकाले गेली तर दोन पिल्लं मटकीच्या खाली मरून पडलेली, डोक्याले अन् चोचीजवळ चावल्याच्या खुणा. आज दुपारी तिसरं तसंच. हिरवीच्या पायालेही रक्त होतं, ते पाहून सासूबाई म्हणाल्या हिचंच काम आहे, मादी खुनशी आहे, देऊन टाका कोणाले. पोरगा दोन दिवसापासून नीट जेवला नाही. चौथं पिल्लू मी मटकीतून काढून घेतलं, नऊ दिवसाचं असेल, डोळे आत्ताच उघडले आहेत, कापूस घातलेल्या डब्यात चुलीजवळ ठेवलं आहे. खालच्या एका मटकीत निळ्या मादीची तीन पिल्लं आहेत, त्याच वयाची, ती ठीक आहेत.

मादी खरंच पिल्लं मारते का? अन् या पिल्लाले आज रात्री काय देऊ? अजून एक, शेजारचे म्हणतात रानातून पोपटाचं पिल्लू आणून देतो, तेही याच पिंजऱ्यात ठेवा, तर चालते का?

---

पाखरू हिंगणघाट – रात्री १०:०५

ताई, बाकीचं नंतर, आधी पिल्लू. पहिले त्याले चुलीजवळून हलवा, धूर पक्ष्याच्या फुफ्फुसाले लगेच बाधतो, अन् कापूसही काढा, तो नखात अडकून पाय गुंततो. मऊ सुती फडकं टाका, गरम पाण्याची बाटली दुसऱ्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या एका बाजूले ठेवा. पिल्लू अंगाले गरम लागलं पायजे पण चोच उघडून धापा टाकत असेल तर बाटली दूर सरकवा.

मग गळ्याखाली पहा, तिथं एक पिशवी असते, भरलेली असली की कातडीतून दाण्याचा पिवळट गोळा दिसतो, चपटी सुरकुतलेली असली म्हणजे उपाशी आहे. उपाशी असेल तर दुकानातलं पिल्लांचं तयार पीठ मिळालं तर उत्तम, तुमच्याकडे आत्ता रात्री कुठं मिळणार, तर फक्त आजच्यापुरतं कांगणीचं (राळ्याचं) पीठ पाण्यात पातळ शिजवा, त्यात उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक घोटा अन् गाळून घ्या. आपल्या अंगाच्या गरमीपेक्षा किंचित गरम, ३९-४० अंश, मनगटावर थेंब टाकून पहा, चटका बसला तर पिल्लाची ती पिशवी आतून भाजते. चमच्याच्या दोन्ही कडा वाकवून टोक चोचीले लावा, ते आपणच ओढून घेते. ड्रॉपरनं घशात ओतू नका, श्वासनळीत गेलं तर वाचत नाही. दूध थेंबभरही नको, गायीचंही नाही अन् बाळाच्या पावडरीचंही नाही, पक्ष्याले दूध पचत नाही.

सकाळी उजाडलं अन् निळी दाणे खायला बाहेर आली की हे पिल्लू तिच्या तिघांच्या मधोमध ठेवून द्या. वय सारखं आहे, तोंड उघडून मागितलं की ती भरवते. मी स्वतः दोनदा केलं आहे, दोन्ही वेळा मादीनं घेतलं. पण पिल्लू गरम असतानाच ठेवा, थंड पडलेलं पिल्लू मागतच नाही अन् मग ती लक्ष देत नाही. माणसाचा हात लागला की मादी पिल्लू टाकते असं घरचे म्हणतील, बजीत तसं होत नाही, मी रोज एकदा मटकी पाहतो.

---

अकोटचा काका – रात्री ११:२०

पोरी, सासूबाईले म्हणा हिरवीवर आळ घेऊ नका. तुह्या लिहिण्यातच उत्तर हाय. कधी कधी पहिलटकरीण मादी पिल्लू मारते, उपाशी असली, सारखी डिवचली गेली तर मारते, नाही असं नाही. पण इथं मादीच्या पायाले रक्त हाय. नऊ-दहा दिवसाच्या पिल्लाले तिच्या पायातून रक्त काढता येत नाही. ते रक्त भांडणाचं हाय. दुसरी कोणती तरी मादी मटकीत घुसली, हिरवी तिच्याशी भिडली, दुसरीनं पिल्लं डोक्याले धरून बाहेर फेकली. मटकीसाठी नर नाही भांडत, मादी भांडते, अन् भांडते ते जीव घेईपर्यंत. मी २००९ पासून पाखरं ठेवतो, पहिल्या वर्षी माह्याकडे अशीच सात पिल्लं गेली अन् मीही मादीलेच दोष देला होता.

आता सकाळी एक काम कर. आठही पाखरांचं नाक पहा, चोचीच्या वर जो मऊ भाग असते तो. मोठ्या नराचं गडद एकसारखं निळं असते. मादीचं, ती अंड्यावर येण्याच्या बेतात असली की तपकिरी होते, खपली धरल्यासारखं. फसवणूक कुठं होते सांगतो, कोवळ्या मादीचं किंवा विसाव्यातल्या मादीचं नाक फिक्कं निळं दिसते अन् नाकपुडीभोवती पांढरी कडी असते, दुकानदार ते नर म्हणून देऊन टाकतो. त्याले स्वतःलेही कळत नसेल कदाचित. आणि पिवळा लाल डोळ्याचा असेल तर त्या नराचं नाक जन्मभर गुलाबीच राहते, त्याले मादी समजू नको. माह्या अंदाजानं तुह्याकडे माद्या जास्त निघतील. नर नसलेली एक मादी पिंजऱ्यात असली की ती दुसरीच्या मटकीत जाऊन असंच करते.

दुसरं, मटक्या. जोड्या चार तर मटक्या कमीत कमी सात-आठ पायजेत अन् सगळ्या एका उंचीवर. वर दोन खाली दोन टांगल्या की प्रत्येकीले वरचीच पायजे असते.

---

चांदूरवाला – १२ मार्च, सकाळी ७:१०

काकांचं मटकीचं बरोबर आहे. फक्त एक सांगतो, घाबरून उन्हाळ्यात पिल्लं काढणं बंद करू नका, बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या भागातले, उन्हाची सवय आहे त्याले. मी एप्रिलमध्येही पिल्लं काढतो, कूलर लावतो, बस. राळा, बाजरी, समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड, कॅल्शियमसाठी) टांगलेला अन् उकडलेलं अंडं एवढं असलं की पुरते.

---

वरोरा ४६ अंश – सकाळी ८:३०

चांदूरवाले भाऊ, राग मानू नका पण या गोष्टीवर मला बोलावंच लागेल. ऑस्ट्रेलियातले आहेत हे खरं, पण तिथं त्यांचे थवे पाण्यामागे शेकडो किलोमीटर फिरतात, भर दुपारी झाडाच्या सावलीत गप बसतात, अन् पाऊस पडून गवताला दाणा आला की मगच अंडी घालतात. आपण त्यांना सहा बाय चारमध्ये टिनाखाली कोंडतो, ते कुठं उडून जाणार. अंडं उबवायला ३७-३८ अंश लागतात. मे महिन्यात आमच्याकडे बाहेरच ४५ असतात, टिनाखालच्या मटकीत किती होत असेल विचार करा. मागच्या उन्हाळ्यात माझ्या दोन जोड्यांची मिळून नऊ अंडी, एकही फुटलं नाही, फोडून पाहिलं तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली. मादी अंडी सोडत नव्हती, पंख अंगापासून दूर धरून चोच उघडून तशीच बसायची. त्यातली एक मे महिन्यातच गेली. ते मला आजही सहन होत नाही.

सोनपिवळी ताई, तुमचं पाचवं अंडं न फुटण्यामागे ऊन नसेल, फेब्रुवारीत एवढं तापत नाही, रिकामं असेल. पुढच्या वेळी मादी बसल्यानंतर सहा-सात दिवसांनी मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या मागून धरून पहा, लाल शिरांचं जाळं दिसलं की पिल्लू आहे.

टिनावर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा (तुरीच्या नाहीतर कापसाच्या वाळल्या काड्यांचा) जाड थर टाका, पश्चिमेकडून ओल्या बारदान्याचा पडदा. आंघोळीसाठी उथळ मातीचं ताट रोज ताजं पाणी घालून ठेवा. जाळी अर्ध्या इंचाची आहे ना? एक इंचाची असेल तर धामण आत येते, मटकीपर्यंत जाते.

अन् रानातला पोपट अजिबात आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपला देशी पोपट पाळता येत नाही. बजी विदेशी आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. शिवाय ढोलीतून काढलेल्या पिल्लाची आई तिथं ओरडत फिरते.

---

सोनपिवळी – १२ मार्च, दुपारी १:१५

काका, तुम्ही म्हणाले तेच निघालं. सकाळी मी अन् पोरगा एकेक पाखरू पाहत बसलो. राखाडी रंगाचं एक पाखरू होतं, आम्ही त्याले नर समजत होतो, त्याच्या नाकावर महिन्यापासून तपकिरी खपली दिसत होती, मले वाटलं घाण लागली असेल, एकदा ओल्या फडक्यानं पुसायचाही प्रयत्न केला होता. म्हणजे पाच माद्या अन् तीन नर. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती राखाडी हिरवीच्या मटकीत शिरली, हिरवी आतून ओरडत होती. पोरगा लगेच सासूबाईले बोलावून आणायले पळाला. त्यांनी पाहिलं अन् काहीच बोलल्या नाही, मग थोड्या वेळानं हिरवीसाठी वाटीत भिजवलेले हरभरे घेऊन आल्या.

राखाडीले वेगळ्या पिंजऱ्यात काढलं. रात्री पिल्लानं थोडं थोडं करून खाल्लं, सकाळी निळीच्या मटकीत ठेवलं. दहा वाजता पाहिलं तर पिशवी भरलेली होती. मले रडूच आलं.

पालक-मेथी दिली तर चालते का? शेतातूनच येते.

---

अकोटचा काका – दुपारी ३:००

शाब्बास पोरी. राखाडीलेही वाईट म्हणू नको, तिले मटकीही नव्हती अन् जोडीदारही नव्हता, ती करणार काय. तिले एक चांगला नर पाहून दे, पण पावसाळ्यानंतर.

पालक-मेथी द्यायची पण ज्या धुऱ्यावर फवारणी होते तिथली नको. फवारणीचं औषध माणसाचं काय करते ते यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये पाहिलं, वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ह्या तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाचं काय. परसातली घे, तीन पाण्यानं धू. हरभरे सासूबाईंनी प्रेमानं आणले पण भिजवलेले जास्त वेळ वाटीत ठेवू नको, या दिवसात दोन-तीन तासात आंबतात.

मटकीत आता चार पिल्लं झाली, खालची घाण साचली की पायाच्या बोटाले गोळे चिकटतात. दर तीन-चार दिवसांनी लाकडाचा जाडसर भुसा बदल, आरामशीनवरून आणशील तर बारीक पूड नको अन् रंग-पॉलिश लागलेल्या लाकडाचा नको. भुसा नसला की गुळगुळीत मटकीत पिल्लाचे पाय दोन बाजूले फाकतात अन् मग ते पाखरू जन्मभर बसूनच राहते. साधारण पाच आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतील, बाहेर आल्यावरही आठ-दहा दिवस बाप भरवतो, तोवर वेगळी करू नको. निळी जर पिल्लांच्या पाठीची पिसं उपटायले लागली तर समज ती पुढच्या अंड्याच्या घाईत आहे, तिच्यासाठी दुसरी मटकी नको लावू, पिल्लं बाहेर आली की आहे तीही काढून घे.

---

वरोरा ४६ अंश – सायंकाळी ६:४५

आणि एखादी मादी अंगाची पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, शेपटी खालीवर करत जोर देत असेल तर अंडं अडकलं आहे समजा. उबेत ठेवा अन् सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा, काही तासात जाते. गावातल्या दवाखान्यात गायी-म्हशीच जास्त येतात, पक्ष्यांसाठी अकोल्याची पशुवैद्यक संस्था किंवा नागपूरचं सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. समुद्रफेस बाराही महिने लावलेला ठेवा.

---

चांदूरवाला – रात्री ९:३०

वरोरावाले भाऊ, तुमचं वाचून मागच्या एप्रिलची वही काढून पाहिली. अकरा अंड्यांतून तीनच पिल्लं जगली होती, मी ते कधी उन्हाशी जोडलंच नाही. यंदा पंधरा एप्रिलच्या आत मटक्या काढतो.

---

सोनपिवळी – ६ एप्रिल, सायंकाळी ७:२०

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं. निळीची तिन्ही पिल्लं मागच्या आठवड्यात बाहेर आली. आपलं पिल्लू सगळ्यात मागं राह्यलं, चार दिवस नुसतं मटकीच्या तोंडातून डोकं काढून पाहायचं. आज सकाळी उडालं, जाळीले धडकलं, खाली पडलं, अन् निळा नर लगेच खाली उतरून त्याले तिथंच भरवू लागला. हिरवं आहे, आईसारखंच, कपाळावर काळ्या रेघा आहेत.

हिरवीच्या पायाची जखम भरली. टिनावर तुराट्या टाकल्या, बारदाना बांधला, दुपारी पाणी मारायचं काम पोरानं घेतलं आहे. हिरवीची मटकी काढली तेव्हा ती दोन दिवस त्याच जागी येऊन बसायची, मले वाईट वाटलं, पण तिसऱ्या दिवशी खायले लागली. निळीची मटकी उद्या काढतो.