३.५ टक्क्यांचा नियम: संशोधन की जपमाळ?

आडवाट:
मंडळी, हल्ली कुठल्याही देशात लोक रस्त्यावर उतरले की दोन दिवसांत एक फॉरवर्ड येतो: लोकसंख्येच्या ३.५ टक्के माणसं उतरली की सरकार पडतंच. परवा आमच्या कट्ट्यावर एकाने भारताचा हिशोब मांडला. १४० कोटींचे ३.५ टक्के म्हणजे ४ कोटी ९० लाख. "बस, एवढेच हवेत," म्हणाला, जणू पंगतीची पानं मोजतोय.

आकडा आला कुठून ते आधी सांगतो. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अमेरिकी अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. राजवट उलथवणं, परकी सत्ता घालवणं, देशातून फुटून निघणं अशा मोठ्या मागण्यांच्याच. त्यावरचं पुस्तक २०११ला आलं. अहिंसक मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी, सशस्त्रांपैकी २६ टक्के. ३.५ची गोष्ट गाजली ती चेनोवेथ यांच्या २०१३च्या एका भाषणानंतर.

माझा आक्षेप असा की गर्दी हे कारण नाही, लक्षण आहे. सर्बियाचं बघा. 'ओत्पोर' या तरुणांच्या चळवळीतल्या पोरांनी राजधानी बेलग्रेडच्या भर रस्त्यात सत्ताधीश मिलोशेविचचं चित्र लावलेलं पिंप ठेवलं, बाजूला दांडकं. नाणं टाका, एक हाणा. पोरं पसार. पोलिसांना धरायला कुणी सापडेना, शेवटी पिंपच उचलून नेलं! लोकांची भीड चेपली ती अशा चाळ्यांनी. आणि ऑक्टोबर २००० मध्ये मिलोशेविच गेला त्यात मोठा हात कोलुबाराच्या कोळसा खाणकामगारांचा. देशाची निम्मी वीज त्या कोळशावर. ते संपावर बसले, पोलीस पाठवले, आजूबाजूचे लोक धावून आले आणि पोलिसांनी काही खाण मोकळी केली नाही. संपावर काही हजार माणसं. टक्क्यांत मोजली तर दशांश चिन्हाच्या पलीकडे जातील.

तेव्हा डोकी कसली मोजताय? राज्य कुणाच्या हातांवर चालतं ते बघा.

गुळांबा:
जे कुणी म्हटलंच नाही त्याच्याशी भांडताय. चेनोवेथ यांनी २०२० मध्ये स्वतःच खुलासा केला आहे: ३.५ हे घडून गेलेल्या मोहिमांचं वर्णन आहे, पुढची हमी नाही. बहुतेक यशस्वी मोहिमा तिथवर पोचल्याच नव्हत्या. आणि दोन मोहिमा तेवढी गर्दी जमवूनही फसल्या, १९६२चं ब्रुनेई आणि २०११चं बहारीन.

तुमचं पिंप आणि खाण पुस्तकाच्या विरोधात कुठे जातं? पुस्तकाचं म्हणणंच ते आहे. सहभाग मोठा आणि सगळ्या थरांतला असला की पोलीस, बाबू, व्यापारी यांच्यात फूट पडते, कारण शिपायाचा भाचा त्या गर्दीत असतो. बंदूक घेऊन डोंगरात जायला तरणीताठी पोरं लागतात, थाळी वाजवायला आजीही येते. फॉरवर्ड वाचून पुस्तकावर रागावू नका.

खडीसाखर:
मला मुळात 'अहिंसक' या शिक्क्यावरच शंका आहे. इजिप्त २०११ अहिंसक खात्यात. तहरीर चौकातली गाणी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, पण २८ जानेवारीला पोलीस ठाणी जळली आणि त्यानंतर पोलीस रस्त्यांवरून गायब झाले, ते? कादिवार आणि केचली यांचा २०१८चा अभ्यास आहे: दगड, बाटल्या, जाळपोळ अशी बंदुकीविना होणारी हिंसा आणि लोकशाहीकडे झालेली वाटचाल यांचा संबंध त्यांना सापडला. म्हणजे सरसकट सशस्त्र विरुद्ध अहिंसक अशी दोनच खाती काढली की मधलं सगळं गायब.

आणि घरचं उदाहरण घ्या. संयुक्त महाराष्ट्र काय ओवाळून मिळाला? १०६ माणसं गेली. (१०५ की १०६ यावर कृपया इथे वेगळी लढाई नको.)

गुळांबा:
त्यांच्यावर गोळ्या सरकारने झाडल्या. हिंसेने मिळालं म्हणायचं तर नक्की कुणाच्या हिंसेने? शिवाय नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक गळ्यात मारलंच होतं. दिल्लीला घाम फुटला तो १९५७च्या निवडणुकीत, समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवलं तेव्हा. तशीही ही चळवळ त्या ३२३च्या व्याख्येत बसत नाही. राजवट उलथवायची नव्हती, राज्य मागायचं होतं.

खडीसाखर:
म्हणजे आपल्याकडचं निम्मं-अधिक मोजणीबाहेरच. छान.

मनामाकर:
बहारीनचं नाव निघालं म्हणून जुना पासवर्ड शोधून काढला. २०११ मध्ये मी तिथल्या राजधानीत, मनामात, एसीच्या डक्टचं काम करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होतो. मोत्याचा चौक, तिथले लोक 'लुलू' म्हणत. शिडांसारखे सहा वाकडे खांब आणि त्यांनी वर धरलेला मोती. फेब्रुवारीत तिथे आंदोलकांचे तंबू पडले. आम्ही साइटवरून परतताना व्हॅन रेंगाळली की पोरं चहा आणून द्यायची. आम्हाला, परक्यांना. बायका वेगळ्या बाजूला बसलेल्या, काही डॉक्टर पांढऱ्या कोटातच.

१४ मार्चला सौदीला जोडणाऱ्या पुलावरून सौदीचं सैन्य आलं. १६ला चौक रिकामा केला, १८ला स्मारक पाडलं. ५०० फिल्सच्या नाण्यावर ते स्मारक होतं, ते नाणंही चलनातून गेलं. नंतर तिथे चौकाच्या जागी सिग्नल आला, नावही बदललं.

वर शिपायाच्या भाच्याचं लिहिलंय ना, मेख तिथेच आहे. तिथल्या पोलिसांत पाकिस्तान, जॉर्डन, सीरिया, येमेनहून भरती केलेले बरेच. त्यांचे भाचे गर्दीत कुठून असणार? आमच्या बिल्डिंगखालच्या नाक्यावर जो शिपाई उभा असे तो माझ्याशी उर्दूत गप्पा मारायचा, त्याची बहीण मुलतानला. समोरच्या बहारीनी दुकानदाराशी मात्र त्याला धड अरबीत बोलता येत नव्हतं. गर्दी कितीही वाढवा, त्याला काय फरक पडणार होता?

आडवाट:
मनामाकर, धागा काढल्याचं सार्थक झालं. गुळांबा, पुस्तकाला मी फॉरवर्डच्या काठीने झोडपलं हे मान्य. पण चेनोवेथ यांचाच २०२०चा दुसरा लेखही सांगा की. २०१० नंतरच्या अहिंसक क्रांत्यांचं यश ३४ टक्क्यांच्या खाली घसरलंय. (सशस्त्रांचं ८ टक्के, त्यामुळे खडीसाखर यांनी लगेच हुरळू नये.) कारणांत एक हे की आंदोलनं मोर्च्यांवर फार विसंबतात, संप-असहकारावर कमी. मोबाइलवरून गर्दी लवकर जमते, पण तिच्यामागे संघटना नसते. आणि राज्यंही शिकतात.

पायपीट:
आकड्यांवरून आठवलं. मार्च २०१८, नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च. सुमारे १८० किलोमीटर. ४० हजार धरा, म्हणजे राज्यात तीन हजारांमागे एक माणूस. आम्ही शीवला सोमय्या मैदानावर पाण्याच्या बाटल्या घेऊन गेलो होतो. एका आजींच्या टाचेची कातडी चपलेच्या पट्ट्याला चिकटलेली. "दुखतंय का" विचारलं तर म्हणाल्या, "वनपट्टा दे, मग इचार." सकाळी दहावीची परीक्षा, पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून ही माणसं रात्रीतच आझाद मैदानाकडे चालत निघाली. त्या एका गोष्टीने मुंबई त्यांच्या बाजूला वळली आणि दुसऱ्या दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिलं.

मग फेब्रुवारी २०१९ला पुन्हा मोर्चा, मार्च २०२३ला पुन्हा. मागण्यांचं भिजत घोंगडं. आता हे यश कुठल्या रकान्यात लिहू?

खडीसाखर:
हेच इजिप्तचं. राष्ट्राध्यक्ष मुबारक १८ दिवसांत गेला, यश. जुलै २०१३ मध्ये लष्करप्रमुख सिसी आला, ते कुठल्या रकान्यात?

गुळांबा:
मोजणीत मोहिमेच्या मागणीचं काय झालं ते बघतात, पुढच्या दहा वर्षांचं नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. फिलिपिन्समध्ये १९८६ला लोकांनी हुकूमशहा मार्कोसना घालवलं आणि २०२२ला त्यांच्याच मुलाला निवडून दिलं. म्हणून १९८६ फुकट गेलं म्हणणार का?

खडीसाखर:
फुकट नाही म्हणत. पण ५३ टक्के छापताना तळटीप मोठ्या अक्षरात हवी.

चहाटळ:
माझी बारीकशी शंका. टक्के नक्की कशाचे? २०१०च्या जनगणनेत बहारीनमध्ये १२ लाखांवर माणसं होती, त्यात नागरिक निम्म्याहून कमी. बाकी सगळे बाहेरून आलेले कामगार. मग मनामाकरांना छेदात धरायचं की नाही?

मनामाकर:
छेदात खुशाल धरा. अंशात नव्हतो. चहा प्यायलो आणि व्हॅनमध्ये जाऊन बसलो, व्हिसा कंपनीच्या हातात होता.