जिल्हा परिषदेने आपल्या शाळांचा पाच वर्षांचा आराखडा सभेत मंजूर करावा का?

निवृत्त शिक्षिका (चर्चेची सुरुवात)

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी अस्तित्वात आल्या आणि खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षणाचा मोठा भार तेव्हापासून त्यांच्या शाळांनी वाहिला. तरीही ‘आपल्या जिल्ह्यातील शाळा पाच वर्षांनी कशा असाव्यात’ या प्रश्नाचे, जिल्ह्याने स्वतः ठरवलेले आणि पालकाला वाचून कळेल असे लेखी उत्तर मला माझ्या संपूर्ण नोकरीत पाहायला मिळाले नाही. शासनाचे निर्णय पुष्कळ आले. 22 जून 2015 रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा निर्णय आला, 2021 मध्ये पायाभूत वाचन-गणितासाठीचे ‘निपुण भारत’ अभियान आले. त्यांतील काहींनी वर्गात खरोखर फरक पडला, हे मी नाकारत नाही. पण ते सर्व वरून आलेले होते. जिल्ह्याचे स्वतःचे म्हणून जे काही होते, ते मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या बदलीबरोबर संपत असे. एका साहेबांनी वाचनाचा तास सुरू केला, त्यांच्यानंतर आलेल्यांनी गणिताच्या साहित्यपेट्या दिल्या, त्यानंतरच्यांनी भिंती रंगवून घेतल्या. तिघांचाही हेतू चांगला होता. परंतु तिसरे आले तेव्हा पहिल्यांच्या वाचनतासाची नोंदवही कपाटात गेलेली होती, आणि त्या तासामुळे वाचू लागलेल्या मुलांचे पुढे काय झाले हे कोणीही विचारले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, प्रत्येक जिल्हा परिषदेने शिक्षणाचा पाच वर्षांचा आराखडा तयार करून तो सर्वसाधारण सभेत ठरावाने मंजूर करावा आणि त्यात बदल करायचा झाल्यास कारणे नोंदवून पुन्हा सभेपुढेच यावे. त्या आराखड्याच्या मुळाशी सर्वांनी मिळून मान्य केलेली चार-पाच मूल्ये असावीत. मूल्ये म्हणजे सुविचार नव्हेत. पैसा कमी पडतो तेव्हा कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे ज्यावरून ठरते त्याला मी मूल्य म्हणते. ‘ज्या शाळेत मुले सर्वांत मागे आहेत तिथले शिक्षकाचे रिक्त पद सर्वांत आधी भरले जाईल’, असे एक वाक्य जरी जिल्ह्याने पाच वर्षे पाळले, तरी पुष्कळ साध्य होईल.

निवृत्त केंद्रप्रमुख

बाईंच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण हा मार्ग मला पटत नाही. आराखडा करण्याची तरतूद कायद्यात आधीपासूनच आहे आणि ती जिल्ह्यापासून नव्हे, शाळेपासून सुरू होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. कलम 22 नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने करावयाच्या योजना व द्यावयाची अनुदाने यांचा आधार तोच आराखडा असेल, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. माझ्या मते त्या कायद्यातील हे सर्वांत लोकशाहीवादी वाक्य आहे आणि सर्वांत कमी पाळले गेलेलेही.

माझ्या केंद्रात, म्हणजे माझ्या देखरेखीखालील शाळांच्या गटात, चौदा शाळा होत्या. एका वर्षी चौदाही आराखडे एकाच झेरॉक्स नमुन्यावर भरून माझ्याकडे आले आणि त्यांपैकी अकरांमध्ये संरक्षक भिंत, शौचालय दुरुस्ती आणि संगणक खोली हीच मागणी त्याच क्रमाने होती. त्यांतील एका शाळेला संरक्षक भिंत आधीपासून होती. मी ते आराखडे परत पाठवले नाहीत, पुढे पाठवून दिले. याची मला आजही खंत वाटते. आता या शाळांच्या डोक्यावर जिल्ह्याचा आणखी एक आराखडा ठेवला, तर शाळेने स्वतः विचार करण्याचे उरलेसुरले कारणही संपेल, कारण वरच्या कागदातील उद्दिष्टे खालच्या कागदात उतरवून घेणे हेच काम होऊन बसेल.

मूल्यांविषयीही हेच. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील दहा गाभाघटक, म्हणजे सर्व अभ्यासक्रमांत असावीत अशी सूत्रे, आपण डी.एड.ला पाठ केले. नंतर परिपाठात मूल्यशिक्षण आले आणि नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, संवेदनशीलता अशी दहा मूल्यांची यादी प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागली. यादीत काहीही कमी नव्हते. मुलांना वक्तशीरपणा शिकवणाऱ्या व्यवस्थेकडून त्यांचे गणवेश मात्र पावसाळा सरल्यावर आलेले मी पाहिले आहेत.

शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य, ऊसतोड कामगारांच्या गावातून

केंद्रप्रमुख सरांनी समितीचा कैवार घेतला याचे बरे वाटले, पण समितीचे खरे चित्र मला मांडले पाहिजे. नियमाप्रमाणे आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार व्हायचा. आमच्या गावातील निम्म्याहून अधिक घरांना दिवाळीनंतर कुलूप लागते आणि ते साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावरच उघडते. म्हणजे ज्या पालकांच्या मुलांची शाळा दरवर्षी अर्ध्यात सुटते, तेच पालक आराखड्याच्या वेळी शेकडो मैल दूर उसाच्या फडात कोयता चालवत असतात. समितीत त्यांची नावे आहेत. सह्या मागाहून घेतल्या जातात.

गेल्या खेपेला भरलेला कागद माझ्याकडे सहीला आला तेव्हा मी विचारले की यात हंगामी वसतिगृहाचा उल्लेख का नाही. ते वरून मंजूर होते, शाळेच्या आराखड्यात येत नाही, असे उत्तर मिळाले. आमच्या शाळेची सर्वांत मोठी गरज तीच आहे. आई-बाप फडावर गेले तरी पोर गावात राहून शिकावे, त्याला दोन वेळचे जेवण आणि रात्री झोपायला सुरक्षित जागा मिळावी, एवढेच आम्ही मागतो. वसतिगृह हंगामाच्या पहिल्या दिवशी सुरू झाले तर पोर राहते. महिनाभर उशीर झाला तर तोवर ते ट्रॅक्टरमध्ये बसून गेलेले असते.

त्यामुळे बाईंना आणि सरांना माझा एकच प्रश्न आहे: आराखडा जिल्ह्याचा असो की शाळेचा, तो कोणत्या महिन्यात बसून करायचा?

शिक्षण विभागातील कर्मचारी

मी या यंत्रणेत आत बसून काम करतो, म्हणून मर्यादा स्पष्ट सांगतो. शाळा चालवते जिल्हा परिषद, परंतु शिक्षकांची पदे किती हे राज्याच्या संचमान्यतेने, म्हणजे पटावरून पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेने ठरते, नवीन भरती राज्याच्या ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून होते आणि जिल्ह्यांतर्गत बदल्यांचे नियम ग्रामविकास विभाग ठरवतो. वेतन राज्याचे. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर बसवलेले आहे: तीस मुलांपर्यंत 10 हजार रुपये, एकतीस ते शंभर मुलांना 25 हजार, त्यापुढे अडीचशेपर्यंत 50 हजार. त्यात किती मुले शाळा अर्ध्यात सोडतात आणि वाडी किती दुर्गम, याला जागा नाही. जिल्हा परिषदेच्या हाती राहतो तो स्वनिधी, म्हणजे तिचे स्वतःचे उत्पन्न, आणि शाळाखोल्यांसाठी जिल्हा नियोजन समितीकडून मिळणारी रक्कम. ‘मागे असलेल्या शाळेचे रिक्त पद आधी भरू’ असा ठराव सभेने केला, तरी तो अमलात आणण्याचा अधिकार त्या सभेला कितपत आहे?

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. 2022 मध्ये मुदत संपल्यानंतर अनेक जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासक होते. सभा नव्हती, शिक्षण समिती नव्हती. मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक. ज्यांच्या बदलीपासून उपक्रम वाचवण्यासाठी बाईंना ठराव हवा आहे, ठराव करणारेही त्या काळात तेच होते.

न्यू जर्सीतील मराठी पालक

माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी शाळेत शिकली, म्हणून तुलनेसाठी लिहिते. इथे अनेक ठिकाणी शिक्षण मंडळ लोकांनी निवडलेले असते, ते उघड सभेत निर्णय घेते, आणि अधीक्षकाची, म्हणजे शाळांच्या मुख्य प्रशासकाची, नेमणूकही तेच करते. या राज्यात अधीक्षकाचा करार किमान तीन आणि कमाल पाच वर्षांचा असतो, त्यामुळे योजना आखणारा आणि तिचा जाब देणारा माणूस बहुधा एकच राहतो. आमच्या शाळांच्या आराखड्यात प्रारंभी मूल्यांचे एक पान होते. खरे सांगायचे तर ते पान कोणत्याही गावाला चालले असते. उपयोग झाला तो पुढच्या पानांचा, जिथे प्रत्येक उद्दिष्टापुढे त्या वर्षीची रक्कम आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिले होते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीची तरतूद कमी झाली तेव्हा पालकांनी तेच पान सभेत वाचून दाखवले आणि मंडळाला उत्तर द्यावे लागले.

शिक्षण विभागातील कर्मचारी

ताई, तुमच्याकडील शाळांचा मोठा खर्च तिथल्याच मालमत्ता करातून भागतो, म्हणून मंडळाच्या शब्दामागे पैसा उभा असतो. त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल, कारण श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब हा धोका त्याच पद्धतीतून येतो आणि राज्याला मदत देऊन तो भरून काढावा लागतो. आपल्याकडे वेतनाचा भार राज्यावर आहे म्हणूनच अतिदुर्गम पाड्यावरच्या शाळेला शिक्षक मिळतो, हेही खरे आहे. मात्र रकमेपुढे पद लिहिण्याची पद्धत आपल्याला कोणत्याही कायद्याची वाट न पाहता घेता येईल, हे मान्य.

कार्यरत शिक्षक, द्विशिक्षकी शाळा

माझ्या शाळेचा पट सतरा आहे. मूल्यांची चर्चा मला इथे खरी वाटते. 2023 मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा, म्हणजे अशा अनेक शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्याचा विचार पुढे आला आणि पानशेत व तोरणमाळ येथील समूह शाळांचे उदाहरण दिले गेले. मोठ्या शाळेत मुलांना सोबती अधिक मिळतात, प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळू शकतो, आणि चार इयत्ता एका खोलीत शिकवताना मुलांचे काय हाल होतात ते मला ठाऊक आहे. परंतु नियमाने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आमच्या वाडीपासून पुढच्या शाळेपर्यंत मध्ये ओढा आहे आणि पावसाळ्यात सहा वर्षांच्या मुलीला कोणतीही आई त्या वाटेने पाठवणार नाही. जिल्ह्याने ‘कोणतेही मूल अंतरामुळे शाळेबाहेर राहणार नाही’ हे मूल्य आधीच लिहून ठेवले असते, तर शाळा बंद करण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्याला त्या ओढ्याचे उत्तर द्यावे लागले असते. आज ते उत्तर मला एकट्याला मागावे लागते. म्हणून मी बाईंच्या बाजूने आहे. त्यासाठी आणखी एक ऑनलाइन तक्ता मात्र आमच्याकडे पाठवू नये. जी माहिती यूडायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन माहितीप्रणालीत आम्ही दरवर्षी भरतो, तीच आराखड्यासाठी वापरावी.

निवृत्त शिक्षिका

माझ्या पहिल्या मांडणीत दोन चुका होत्या. शिक्षकाच्या रिक्त पदाचे उदाहरण मी दिले, पण तो निर्णय बऱ्याच अंशी जिल्ह्याच्या हाती नाही, हे मला मान्य आहे. त्याऐवजी वर्गखोल्यांची दुरुस्ती, स्वनिधीचा विनियोग आणि हंगामी वसतिगृहांचे प्रस्ताव वेळेत पाठवणे, एवढ्यापुरताच आराखडा असावा. दुसरी चूक म्हणजे मी सभेपासून सुरुवात केली. केंद्रप्रमुख सर म्हणतात तशी ती शाळेपासून व्हायला हवी.

पण जिल्ह्याचा आराखडा नको, हे मला अजूनही पटत नाही. तुमच्या केंद्रातील चौदा आराखडे पुढे गेले, त्यांचे उत्तर कोणी दिले? जिल्ह्याचा कागद हा त्या चौदा मागण्यांना दिलेले लेखी उत्तर असावा. कोणती मागणी स्वीकारली, कोणती नाकारली आणि कोणत्या मूल्याच्या आधारे नाकारली, हे त्यात लिहिलेले असावे. असे उत्तर येणार असेल तर कोणती शाळा असलेल्या भिंतीची पुन्हा मागणी करील?

निवृत्त केंद्रप्रमुख

‘उत्तर’ हा शब्द मला पटला. त्या अर्थाने जिल्ह्याचा आराखडा असावा, याला माझा विरोध नाही. पाच वर्षांच्या मुदतीला मात्र आहे. नियमातील शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दरवर्षीचे उपआराखडे असतात. शाळा तीन वर्षे बोलणार आणि जिल्हा पाच वर्षांचे उत्तर देणार, हे जुळत नाही. जिल्ह्यानेही तीनच वर्षे बांधून घ्यावीत.

शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य

मुदतीचे तुम्ही ठरवा. माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिले नाही, म्हणून ते मीच मांडते. डिसेंबर ही शेवटची तारीख आहे, त्याआधी आराखडा करायला कोणी अडवलेले नाही. आमच्या समितीची बैठक पोळा झाल्यावर आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी, संध्याकाळी साडेसात वाजता बोलवावी, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. अर्जावर अकरा आयांच्या सह्या आहेत आणि त्यांपैकी आठजणी यंदा कोयत्यावर जाणार आहेत. वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू हवे, ती तारीख त्याच सांगतील आणि आराखड्यात पहिल्या ओळीत लिहिली जाईल.