बिबळ्याच्या लाकडाच्या पाण्याची निळी झाक : अस्सल मालाचा पुरावा की धूळफेक?

रानवेडा : जत्रेत एका स्टॉलवर बिबळ्याच्या म्हणजे विजयसार झाडाच्या लाकडाचे ग्लास होते, विक्रेत्याने त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी उन्हात धरून दाखवलं, आरपार चहासारखं तांबूस आणि बाजूने बघितलं की निळसर, म्हणे झाक आली म्हणजे माल अस्सल, आणि शुगरही उतरते. घेतला. घरी त्यात लिंबू पिळलं तर निळं गायब! म्हणजे ही परीक्षा लाकडाची नाहीच, पाण्याच्या पीएचची, म्हणजे ते किती आंबट की अल्कली याची आहे. सरळ धूळफेक.

लिटमसकाका : धूळफेक कशी रे? चिमूटभर खायचा सोडा टाक, परत येईल. मेक्सिकोतल्या लिग्नम नेफ्रिटिकम लाकडाच्या पाण्यावर हाच खेळ रॉबर्ट बॉइलने 1664 मध्ये छापलाय, आम्लाने निळं गेलं, अल्कलीने परत आलं. त्यामागचा रेणू सापडला 2009 मध्ये. लाकडातलं कोटलाइन बी नावाचं फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतल्या संयुगांचा एक गट) पाण्यात, हवेतल्या ऑक्सिजनने बदलून मॅटलालाइन होतं, आणि त्याचा प्रोटॉन सुटलेला आयन (विद्युतभार असलेलं रूप) उजेडात झगझगीत निळा चमकतो. लिंबू पिळलं की प्रोटॉन परत चिकटतो, दिवा बंद. पण पदार्थ तिथेच असतो ना!

रानवेडा : सोडा टाकला, आली झाक, मान्य. पण काका ते मेक्सिकोचं झाड, बिबळ्यात नेमका तोच रेणू आहे असं कशावरून?

लिटमसकाका : तेवढं मात्र मी गृहीत धरलं खरं.

प्रॅक्टिकलवाली : दोघंही "आम्लाने चमक जाते" हा नियमच करून टाकताय, तसं नाहीये. क्विनाइन घ्या, टॉनिक वॉटरला कडू करणारा पदार्थ, फ्लॅव्होनॉइड नाही पण तिथे आम्लातच मस्त निळं चमकतं. फ्लॅव्होनॉइडमध्येही कितीतरी फ्लॅव्होन (त्यांचाच एक उपप्रकार) साध्या पाण्यात मंद असतात आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात चमकतात (घरी करू नका प्लीज). 3-हायड्रॉक्सीफ्लॅव्होनची तर गंमतच, प्रकाश पडला की प्रोटॉन रेणूच्या आतल्या आत उडी मारतो आणि हिरवा उजेड येतो, सेनगुप्ता आणि काशा या शास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवलं. आणि काका, सोड्याने सगळं परत येतंच असं नाही हां, क्वेर्सेटिन हे दुसरं फ्लॅव्होनॉइड अल्कलीत हवा लागली की ऑक्सिडाइज होऊन बसतं, मग वर कितीही लिंबू पिळा.

लिटमसकाका : ठीक, पण गिऱ्हाइकाला स्टॉलवर दुसरी कुठली टेस्ट करता येणारे? झाकच नसेल तर लाकूड संशयास्पद, एवढं तरी कळतं.

रानवेडा : ते पण नाही कळत, पाणी आंबट असेल तर चांगलं लाकूडही नापास. उलट विक्रेत्याने गुपचूप सोडा टाकला असेल तर मरतुकडा ग्लासही चमकेल. आणि झाक आली म्हणून शुगर उतरते हे त्याने कुठून काढलं ते वेगळंच.