ठसा मारला म्हणून रुपया डागी होतो का?

कृष्णाकाठ (सांगली)
काल इथं, नाणी जमवणाऱ्यांच्या गटावर, चालू नाण्यावर मागाहून दुसऱ्या कुणी ठोकलेल्या खुणेबद्दल एकानं लिहिलं, "ठसा मारलेला राणीचा रुपया म्हणजे डागी माल. मोडीच्या भावात मिळाला तरच घ्या, जास्त मागणारा फसवतोय." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडं व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया आहे. राणीच्या मानेजवळ छोटा मुकुट आणि त्याखाली 'पीएम' ही दोन रोमन अक्षरं. उलटा केला की ठशाच्या बरोबर पाठीमागची नक्षी दबून सपाट झालेली दिसते. हा मोझांबिकच्या पोर्तुगीज सरकारचा ठसा. व्यापाऱ्यांबरोबर आपला रुपया आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या बाजारात रुळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांनी असे रुपये आणि मारिया तेरेसा थेलर (ऑस्ट्रियाचं चांदीचं नाणं) ठसा ठोकून आपल्या हद्दीत चालवले. हा डाग आहे का? डाग पडतो, ठसा हुकमानं बसतो. ऑस्ट्रेलियात १८१३ साली गव्हर्नर मॅक्वारीनं चाळीस हजार स्पॅनिश डॉलरना मधोमध भोक पाडलं. बाहेरचं कडं पाच शिलिंगांना, मधली टिकली पंधरा पेन्सला. ती कडी काय फुटकी म्हणून मुशीत घालायची?

मोती चौक (सातारा)
तो लिहिणारा मीच. ऑस्ट्रेलिया राहू द्या, आपल्याकडं काय विकलं जातं ते बोला. चार वर्षांमागं एका प्रदर्शनात अकरा हजार मोजून 'पीएम'चा रुपया घेतला. घरी येऊन भिंगाखाली धरला तर अक्षरं कोरी करकरीत, काल ठोकल्यासारखी. राणीचा चेहरा मात्र पार झिजलेला. विकणाऱ्यानं नंतर फोन उचलला नाही. बँक ऑफ इंग्लंडनं १७९७ मध्ये स्पॅनिश डॉलरवर तिसऱ्या जॉर्जचा लंबगोल ठसा मारला, लगेच खोटे ठसे निघाले आणि १८०४ ला अष्टकोनी आणावा लागला. बँकेला जमलं नाही ते नवख्या पोराला जमणार? म्हणून म्हणतो, मोडीच्या भावातच घ्या.

कृष्णाकाठ
दादा, तुमचे अकरा हजार गेले त्याचं वाईट वाटतं. पण अक्षरं करकरीत म्हणून ठसा खोटा, हे चूक. अक्षरं खड्ड्यात बसलेली असतात, हाताला-पिशवीला घासतो तो चेहरा. झिजलेल्या नाण्यावर ठसा पडला असला तर फरक राहणारच. बघायचा असतो खड्ड्याचा काठ. नव्या ठोक्यानं उठलेली चांदी नखाला लागते आणि तळाचा रंग बाकी नाण्यापेक्षा उजळ असतो. जुन्याचा काठ दबून गुळगुळीत झालेला असतो, आत तोच काळपटपणा.

मिरजेचा पोतदार
दोघंही एक गोष्ट विसरताय. आपल्याकडं कंपनीचा कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया, यायच्या आधी अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना रुपये चालायचे. पेठ बदलली की बट्टा लागायचा, म्हणजे किंमत कापली जायची. 'नावाला बट्टा' हा शब्द तिथूनच. पारख केल्याची खूण म्हणून सराफ बारीक टोचा मारायचे. ती खाजगी खूण, सरकारी ठसा नव्हे. आज असे टोचे पडलेले रुपये 'दुर्मिळ काउंटरमार्क', म्हणजे मागाहून मारलेला सरकारी ठसा, म्हणून विकतात, खरी फसवणूक ती. कृष्णाकाठ, तुमच्या संग्रहातसुद्धा असे दोन आहेत, मी पाहिलेत.

कृष्णाकाठ
आहेत. वेगळ्या पाकिटात ठेवलेत, पण वर माझ्या लिहिण्यात ते सांगायला हवं होतं. मान्य.

वाईची लेक
तुमचं ठशाचं चाललंय, इथं नाणीच उरली नाहीत! आजीची सतरा रुपयांची माळ होती, प्रत्येकाला कडी डाख देऊन जोडलेली. वडील गेल्यावर घरच्यांनी दुकानात दिली. तोळ्याला तोळा वजन करून पाच मिनिटांत मुशीत! त्यात १८४० चा होता, मला आठवतंय. तुम्ही सोनं-चांदी आटवणाऱ्या गलाईवाल्यांनी अख्ख्या देशाची नाणी वितळवलीत.

विट्याचा गलाईवाला
ताई, तोंड सांभाळून. आमच्या खानापूर-आटपाडीकडं पाऊस नाही, जमीन कसूनही पोट भरत नाही, म्हणून बापजादे मूस-भाता घेऊन बाहेर पडले. चौदाव्या वर्षापासून मी भट्टीपुढं बसलोय, तेजाबाच्या वाफेनं छाती गेली. माळ आम्ही चोरून आणली का? तुमच्या घरच्यांनी पैसे मोजून घेतले. नाणं शोधायला येणारे साहेब भट्टीवर कधी येत नाहीत, चांदी ओतून झाल्यावर शिव्या द्यायला येतात.

मोती चौक
ताईंचं दुःख खरं आहे. पण हिशेब बघा. जुन्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून निम्मीच. चांगली चांदी म्हणून जुनेच आधी आटले. त्यात ठशाचा आला तर मुशीत आणखी लवकर.

कृष्णाकाठ
आणि तो लवकर का जातो? 'डागी' म्हणूनच ना! हेच मी पहिल्यापासून ओरडतोय.

वाईची लेक
गलाईवाले दादा, माझं बोलणं चुकलं. राग घरच्यांवरचा होता.

विट्याचा गलाईवाला
असू दे. पण एक सांगतो. आमच्या थोरल्या चुलत्यानं ठशाचे, अक्षरांचे रुपये बाजूला काढायची सवय लावली होती. वाचता येत नव्हतं त्यांना, तरी ठेवायचे. चारेक अजून आहेत. 'पीएम' आहे का माहीत नाही.

मोती चौक
आज माझा रुपया परत काढला. काठावर नख अडकतं, खड्ड्याचा तळ पांढरा आहे. म्हणजे कृष्णाकाठांची पारख बरोबर आणि माझे अकरा हजार गेलेच. 'मोडीच्या भावात' हे मागं घेतो. पण काठ न बघता कुणी घेऊ नये, यावर ठाम आहे. गलाईवाले, ते चार दाखवा. रविवारी सांगलीला सराफकट्ट्यावर येतो, भिंग माझं.

वाईची लेक
आईच्या देव्हाऱ्यात माळेतला एक रुपया राहिलाय, कडीसकट. ती कडी काढून आणू का?

विट्याचा गलाईवाला
काढू नका ताई. डाख सुटायला आच द्यावी लागते, नाण्याचा रंग जातो. तसाच आणा.