कामाच्या पिकअपला मोठी चाकं घालू नका

डिझेलदादा
फोर्डची एफ-२५० सुपर ड्युटी, रॅम २५००, शेवरोलेची सिल्व्हराडो एचडी या वर्गातली अमेरिकी हेवी-ड्युटी पिकअप घेतली की महिन्याभरात एक प्रश्न हमखास येतो: कंपनीचे टायर काढून किती मोठे बसतील? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. मडगार्डला घासलं नाही म्हणजे टायर बसला, असं नसतं.

कंपनीचा एलटी २७५/७० आर१८ घ्या. रुंदी २७५ मिमी, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) त्याच्या ७० टक्के, ती वर आणि खाली अशी दोनदा, मधे १८ इंची रिम. व्यास ८४२ मिमी, म्हणजे ३३ इंचांच्या जरा वर. ३७ इंची चढवला की तो होतो ९४०. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ११२ च्या आसपास पळत असेल. ते कॅलिब्रेट करून घेता येतं, ठीक. पण ३.७३ चा डिफरन्शियल (इंजिनाकडून येणारा दांडा ३.७३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं) ३.३४ असल्यासारखा वागू लागतो त्याचं काय? ज्या ओढीसाठी डिझेल इंजिन घेतलं, तीच घालवून बसायची.

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बदल हवाच असेल तर रिम लहान करा. २० इंचीवर २७५/६५ असेल, तर ब्रेक कॅलिपरला जागा मिळत असल्याची खात्री करून १८ इंचीवर २९५/७० घाला. व्यास ८६५ चा ८७० होतो, म्हणजे काहीच नाही. साइडवॉल मात्र पावणेतीन सेंटीमीटरने वाढते. खड्ड्यात रिम वाचते, बसणाऱ्याची कंबरही.

चिखलगाडा
साफ असहमत. दादा, तुमची गाडी डांबर सोडत नाही असं दिसतंय. सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून किती वर राहणार, हे फक्त टायर ठरवतो. सहा इंची लिफ्ट किट घाला, बॉडी वर जाईल, गोळा होता तिथेच. आणि दगडावर पहिला आपटतो तो गोळाच. ३७ इंचीने तो जवळपास पाच सेंटीमीटर वर येतो. चाकोरी खोल असेल तर गाडी निघणार की पोटावर अडकणार, हे त्या पाच सेंटीमीटरवर ठरतं.

ओढीचं म्हणाल तर ४.१० चे गिअर टाका, फोर व्हील असेल तर पुढे-मागे दोन्हीकडे. हिशेब ३.६७ वर येतो, म्हणजे मूळच्या जवळ. शिवाय आता दहा गिअरचे ऑटोमॅटिक आलेत, ते सांभाळून घेतात.

डिझेलदादा
इंजिनाला गिअर आहेत हो, ब्रेकला नाहीत. चाकाची त्रिज्या १२ टक्क्यांनी वाढली की तेवढ्याच जोराने गाडी थांबवायला ब्रेकला टॉर्कही तितकाच जास्त लागतो. त्यात टायर-रिमचं वाढलेलं वजन. मागे भरलेला ट्रेलर आणि पुढे उतार असताना हे आठवा.

वजनकाटा
दोघेही व्यासावरून भांडताय, खरी गोम साइडवॉलवर छापलेल्या आकड्यात आहे.

वरच्या २७५/७० आर१८ ला ई रेंजमध्ये (टायरच्या मजबुतीचा वर्ग, एफ त्याच्या वरचा) लोड इंडेक्स, म्हणजे भार पेलण्याचा क्रमांक, १२५ मिळतो, म्हणजे ८० पीएसआय हवेला एका टायरवर १६५० किलो. आता सगळ्यांचा लाडका ३५x१२.५० आर२० बघा. तोही ई रेंज, तोही 'दहा प्लाय' (दहा थरांइतका मजबूत), म्हणून लोक निर्धास्त. पण त्याचा इंडेक्स १२१, म्हणजे १४५० किलो, आणि तोही ६५ पीएसआयला. टायर दिसायला दांडगा, उचलतो २०० किलो कमी. मागच्या अ‍ॅक्सलची क्षमता समजा ३२०० किलो असेल, तर दोन टायर मिळून २९०० च. सगळ्यात कमजोर कडी आता टायर आहे, आणि दाराच्या चौकटीवरचं स्टिकर हे तुम्हाला सांगत नाही. त्यावरची हवाही मूळ मापासाठी असते. माप बदललं की टायर कंपनीचा भार-हवा तक्ता बघून नवी ठरवावी लागते.

कमी हवा आणि जास्त वजन एकत्र आले की साइडवॉल लवत राहते, टायर तापतो, शेवटी ट्रेड (रस्त्याला टेकणारा बाहेरचा थर) सुटतो. २००० साली फायरस्टोनने ६५ लाखांच्या आसपास टायर परत मागवले, ते ट्रेड सुटून फोर्ड एक्सप्लोरर उलटत होत्या म्हणून. ते टायर मूळ मापाचेच होते, दोष बनावटीतही होता, पण फोर्डने सांगितलेली २६ पीएसआयची कमी हवा हाही तेव्हा वादाचा मुद्दा होता. त्याच वर्षी अमेरिकेत 'ट्रेड' (TREAD) नावाचा वाहनसुरक्षा कायदा झाला आणि पुढे हवेचा इशारा देणारी टीपीएमएस सक्तीची झाली. गंमत अशी की ती सक्ती १०,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआरपर्यंतच (गाडी आणि ओझं मिळून ठरवलेलं कमाल वजन) आहे. म्हणजे सर्वांत जास्त ओझं वाहणाऱ्या पिकअप त्यातून सुटतात.

चिखलगाडा
ताई, त्याच मापात एफ रेंजचा टायर येतो की. इंडेक्स १२५, कंपनीच्या टायरइतकाच. दोष मोठ्या टायरचा नाही, न वाचता घेणाऱ्याचा आहे.

वजनकाटा
हे मान्य. फक्त रिमच्या आतल्या बाजूला तिची भारक्षमता कोरलेली असते, तीही वाचा. शोभेच्या रिम इथेच मार खातात.

रुबाब
सगळे ट्रेलर ओढत नाहीत. मला उंच गाडी आवडते, रिम बाहेर आलेली आवडते. एवढं पुरेसं कारण नाही का?

डिझेलदादा
कारण आहे, पण मग हेवी-ड्युटी कशाला घेतली, हेही सांगा. ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती हबला टेकते त्या जागेचं अंतर) कमी करून चाक बाहेर काढलं की टायरचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून लांब जातो. प्रत्येक खड्डा स्टिअरिंग ओढतो, व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंट लवकर जातात. पुढे सरळ अ‍ॅक्सल असलेल्या सुपर ड्युटी किंवा रॅममध्ये ट्रॅक बारचा (अ‍ॅक्सल आडवी सरकू न देणाऱ्या दांड्याचा) बुश ढिला झाला असेल, तर डेथ वॉबल (पुढची चाकं जोरात थरथरणं) सुरू व्हायला रस्त्यातला एक आडवा सांधा पुरतो. स्टिअरिंग हातात राहत नाही तेव्हा रुबाब कसला?

नटबोल्ट
जुन्या शेवरोलेच्या रिम मित्राकडे पडून आहेत, आठ नटांच्या. माझ्या सुपर ड्युटीला चालतील ना?

वजनकाटा
नाही. आठ नट सगळ्यांनाच, पण नटांच्या वर्तुळाचा व्यास वेगळा. सुपर ड्युटी १७० मिमी, रॅम १६५.१, शेवरोलेच्या जुन्या एचडी १६५.१ आणि २०११ पासूनच्या १८०. ठोकून बसवायचा विचारही करू नका.

चिखलगाडा
मागे जोडचाकं असतील तर मात्र मी दादांच्या बाजूने. रुंद टायर घातले की वजनाखाली दोन साइडवॉल एकमेकींना घासतात. तिथे मापाशी खेळ नको. मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या गाडीला माझं उत्तर तेच: एफ रेंज, गिअर बदला, ब्रेक पॅड चांगले घाला आणि खुशाल ३७ चढवा.

डिझेलदादा
आणि स्टेपनी? ३७ इंची बेडखाली मूळ जागी मावत नाही. जुन्या मापाची ठेवली, तर फोर व्हील लावून ती वापरता येणार नाही, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ताणला जातो.

चिखलगाडा
बेडमध्ये उभी बांधतो.

डिझेलदादा
ट्रेलरचा फिफ्थ-व्हील हिच (बेडमध्येच बसणारा जोड) कुठे लावता मग?

चिखलगाडा
मी ट्रेलर ओढतो असं कधी म्हणालो?