ताम्रपाषाणयुग, कांस्ययुग आणि 'लोह'

प्रश्न : इनामगाव, जोर्वे ही गावे पुस्तकांत 'ताम्रपाषाणयुगीन' असतात आणि मोहेंजोदडो 'कांस्ययुगीन'. तांबे दोन्हीकडे सापडते, मग दोन शब्द का?

प्रतिसाद : 'पाषाण'कडे दुर्लक्ष करू नका, खरा अर्थ तिथेच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तिथली रोजची कापणी-चिरणी दगडी पात्यांनीच होत असे. तांबे होते, पण थोडे, आणि तेही बाहेरून आणलेले. गावकरी शेती करत, सुरेख रंगीत भांडी घडवत. तांब्यावाचून त्यांचे फारसे अडत नव्हते.

काशाचे, म्हणजे कांस्याचे, तसे नाही. तांब्यात साधारण दहावा हिस्सा कथील घातले की ते कमी उष्णतेत वितळते, साच्यात नीट भरते आणि जास्त कठीण होते. पण तांबे आणि कथील शेजारी-शेजारी क्वचितच मिळतात. म्हणजे लांबचा व्यापार आला, वजने-मापे आली, धातुकामावरच पोट भरणारे कारागीर आले. म्हणून 'कांस्ययुग' म्हटले की बहुधा शहरे, साठवण आणि देवघेवीची घडी डोळ्यांसमोर असते. इनामगाव-जोर्वेसारख्या गावांच्या 'जोर्वे संस्कृती'ला हा शब्द लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद : याला जोडून 'लोह' पाहा. अथर्ववेदात 'श्याम अयस्' म्हणजे काळा धातू, लोखंड, आणि 'लोहित' म्हणजे तांबडा, तांबे. 'लोह'ही आधी तांबड्या धातूचेच नाव होते, ते पुढे लोखंडाकडे गेले. त्यामुळे जुन्या ग्रंथात 'अयस्' दिसले की लगेच लोखंड समजणे धोक्याचे.

प्रश्न : मग आपल्याकडे 'लोहयुग' कुठे म्हणायचे?

प्रतिसाद : विदर्भात निःशंकपणे. नागपूरजवळ माहुरझरीला शिळावर्तुळांत, म्हणजे दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांत, लोखंडी हत्यारे मिळाली, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. त्या भट्टीत लोखंडाचा रस होत नसे. मळीने, म्हणजे खनिजातल्या वितळलेल्या कचऱ्याने, भरलेला सच्छिद्र गोळा निघे आणि तो तापवून ठोकून ठोकून शुद्ध करावा लागे. मेहनत प्रचंड, पण खनिज पुष्कळ ठिकाणी मिळते आणि कथिलाची गरज नाही. त्यामुळे कुऱ्हाड गावातल्या गावात घडू लागली.

प्रश्न : आणि दायमाबादला सापडलेला धातूचा रथ? त्यावरून ते गाव कांस्ययुगीन ठरत नाही का?

प्रतिसाद : प्रवराकाठी 1974 मध्ये मिळालेल्या रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या चार वस्तूंचे वजन मिळून 60 किलोंहून जास्त भरते. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. त्यांना 'दायमाबादची धातुशिल्पे' म्हणावे, त्यांच्यावरून अख्ख्या गावाला 'कांस्ययुगीन' ठरवू नये.