बुंध्याला औषध नको, करवत खाली लावा

गवताळ रानात पसरणारं रेड सीडरचं झाड काढून टाकायचं, तर कापल्यावर बुंध्याला कोणतं तणनाशक लावायचं, असा प्रश्न आहे. कुठलंच नको. आपल्याकडची वेडी बाभूळ बुडापासून पुन्हा फुटते, म्हणून ही शंका येते. पण अमेरिकेतल्या ओक्लाहोमा-नेब्रास्का राज्यांच्या गवताळ पट्ट्यातलं हे तिथलंच देशी झाड (जुनिपेरस व्हर्जिनियाना) तसं फुटत नाही. अट एकच: सगळ्यात खालच्या हिरव्या फांदीच्याही खाली, जमिनीलगत कापा. बुंध्यावर एक हिरवी डहाळी राहिली तरी तीच वर वळून नवा शेंडा होते.

जाळण्याबद्दल: दीड-दोन मीटरपर्यंतची झाडं गवताच्या आगीत मरतात, साल पातळ, पानं तेलकट. पण गवत भरपूर हवं. आधीच्या हंगामात चराई थांबवली नसेल तर जाळ मध्येच विझतो आणि सगळी मेहनत फुकट. दाट झाडीखाली सावलीमुळे गवतच उरत नाही, तिथे कापलेली झाडं वाळवून उभ्या झाडांच्या बुडाशी रचतात, मग पेटवतात.

मनुष्यबळ कमी असेल तर निळसर फळांची मादी झाडं आधी पाडा. फळं खाऊन पक्षी कुंपणाच्या तारेवर बसतात, विष्ठेतून बिया खाली पडतात, त्यामुळे रोपांची रांग नेमकी तारेखाली सापडते.